भरल्या गाडीची वाट

निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत, खाली कापड विणायचे लूम आणि वर ऑफिस अशा इमारतीत मी कामाला आहे. आमचे सर जमिनीची खाजगी मोजणी करून नकाशे काढून देतात आणि ते नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं. खालचे लूम चालू असले की माझ्या टेबलावरचा चहा कपातल्या कपात नाचतो. नव्याने आलेलं गिऱ्हाईक घाबरून भिंतीकडे बघतं. मी म्हणते, "बसा, भूकंप नाही, ड्युटी चालू आहे."

मी बी.ए. आहे, भूगोल घेऊन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. ज्याच्या घरात तीन पिढ्या वकील आणि डॉक्टर आहेत त्याने नम्र राहावं, त्याला ते शोभतं. मला अजून ती चैन परवडत नाही.

तर आमच्या ऑफिसात जमीन एकाच भाषेत येत नाही. एक गिऱ्हाईक गुंठ्यात बोलतं, दुसरं एकरात. सरकारी उताऱ्यावर हेक्टर आणि आर असतात आणि ते बघून गुंठेवाल्यांचा चेहरा पडतो, कारण एका गुंठ्याचा एक आर लिहिला की बारा-तेरा स्क्वेअर फूट कुठे गेले हे त्यांना कळत नाही. "मॅडम, तेवढ्यात संडास बसतो," असं एक काका मला खरोखर म्हणाले होते. हिशोब केला तर तीन बाय चारचा बसतो. त्यांचं बरोबर होतं.

लूमच्या धंद्यातले उत्तरेकडचे लोक गावची जमीन बिघ्यात आणि बिस्व्यात सांगतात. एकदा मी एकाला बिघ्याचे गुंठे काढून दिले तर तो म्हणाला, "मैडम, ये तो बगल वाले जिले का बीघा हुआ. हमारा बीघा बड़ा है." मी विचारलं, "कितना बड़ा?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "काफ़ी."

आणि निजामपुऱ्यातली शेड तर लूमवर मोजतात. 'बारा लूमची जागा आहे' म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर लांबी, रुंदी, मधली बोळ, कोपऱ्यातला पंखा, सगळं उभं राहतं. आमच्या समोरच्या शेडमधले लूम केव्हाच भंगारात गेले, आता तिथे खोके ठेवतात. जागा मात्र अजून बारा लूमचीच आहे.

सरांच्या टेबलामागे भिंतीवर एक लोखंडी साखळी टांगलेली आहे. जुन्या काळी जमीन मोजायची ती हीच. तेहतीस फूट लांब, आणि तिचे सोळा भाग. त्या भागांना आणे म्हणतात. साखळीला साखळी गुणली की एक गुंठा. म्हणून जुनी माणसं आजही 'दोन गुंठे चार आणे' असं सांगतात, आणि कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं की ते भाव सांगतायत. साखळीच्याही आधी काठी होती. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी. हे सरांनी सांगितलं तेव्हा मी लगेच विचारलं, "कुणाचे हात?" सर म्हणाले, "सगळी भांडणं तिथूनच सुरू झाली."

हे सगळं मी मीटरात आणते. गुंठा म्हणा, बिघा म्हणा, आणे म्हणा, समोर टाका, मी चौरस मीटर काढून देते. माझी अशी पक्की समजूत होती की मला मीटरात आणता येणार नाही असं माप अजून जन्माला यायचंय. मग एक आमच्या घरातूनच आलं.

आमचं गाव दिघाशी. आजोबांनी जाण्याआधी आपल्या तिन्ही मुलांना अंगणात उभं करून जमीन वाटून दिली होती. पुढची जागा बाबांना आणि काकाला, शेजारी शेजारी. त्या दोघांच्या मागे तीन गुंठे आत्याला. आत्या सगळ्यांत मोठी. लग्न होऊन नारपोलीला गेली आणि पुढचं सगळं आयुष्य दोन्ही भिंतींना लूम असलेल्या भाड्याच्या खोलीत काढलं. त्यामुळे ती बोलते तीच ओरडून. तिच्या घरात कुजबुज हा प्रकारच नाही.

मागच्या जागेला वाट लागणारच. तेव्हा आजोबा म्हणाले होते, "पोरीच्या जागेला दोघांच्या मधून भरल्या गाडीची वाट." ते असं म्हणाले यावर तिघांचंही एकमत होतं. बाबांनी ऐकलं, काकाने ऐकलं, आत्याने तर दोनदा म्हणवून घेतलं होतं. भांडण शब्दांचं नव्हतंच. भांडण एवढंच होतं की भरली गाडी म्हणजे किती फूट?

इतकी वर्षं हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण मधे कुंपणच नव्हतं. आत्या येईल तशी येई, जाईल तशी जाई. पण मागच्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. काकाने आपली जागा गोडाऊनला भाड्याने द्यायचं ठरवलं, आणि गोडाऊनवाला म्हणाला, आधी कंपाऊंडची भिंत घाला. आणि त्याच सुमारास आत्याने जाहीर केलं की ती नारपोली सोडून आपल्या तीन गुंठ्यांत येणार आणि तिथे मसाल्याची डंकी टाकणार.

आमच्याकडचा मसाला ज्याने खाल्लाय त्याला डंकी समजवायला नको. उन्हाळ्याच्या तोंडाला गावोगावच्या बायका वाळवलेल्या मिरच्या आणि भाजलेला मसाला घेऊन रांगा लावतात आणि लोखंडी मुसळं वरखाली होऊन तो कुटून देतात. आत्याचा हात मसाल्याचा, ओळखी सगळ्या नारपोलीभर. धंदा चालणार यात शंकाच नव्हती. फक्त दारात गाडी यायला हवी होती. डंकीचं मशीन टेम्पोनेच येणार, आणि पोतंभर मिरच्या घेऊन बायका रिक्षाने येणार. वाट अरुंद झाली तर मशीन रस्त्यावर आणि आत्या घरात.

"डोक्यावर घेऊन कोण येईल गं माझ्याकडं?" ती मला म्हणाली. "दुसऱ्या डंक्या काय कमी हायत?"

काका सहा फुटांवर अडला होता. "गाडीची दोन चाकं पाचात बसतात. मी सहा देतो. अजून काय पायजे?"

"ती रिकामी गाडी झाली," आत्या म्हणाली. "बाप भरली गाडी बोललेला. तुझे कान काय लूमवर होते? लूमवर तर मी होते!"

बाबा मधे पडून आठ म्हणाले. बाबा नेहमी मधला आकडा सांगतात. त्यांना बाजारात पाठवलं तरी ते भाजीवालीच्या आणि आईच्या मधलं काहीतरी बोलून येतात.

मग काकाने माझ्याकडे बोट केलं. "ही मॅडम कशाला शिकवली आपण? विचारा तिला. ऑफिसात बसून दुसऱ्याच्या जमिनी मोजते. घरचं एक माप सांगेल का न्हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मोबाइल काढला. खरं सांगते, त्या वेळी मला छान वाटत होतं. घरातल्या तीन मोठ्या माणसांचं भांडण माझ्या एका उत्तरावर थांबणार होतं. मी शोधलं. बैलगाडीचा फोटो आला. बैलगाडीच्या शर्यती आल्या. लग्नासाठी बैलगाडी भाड्याने मिळेल, ते आलं. भरल्या गाडीचे फूट किती, ते कुठेच नव्हतं.

"नेटवर्क न्हाय का?" काकाने विचारलं.

"नेटवर्क आहे," मी म्हटलं. "माप नाही."

मग मी ऑफिसात विचारतात तसे प्रश्न विचारायला लागले. गाडी कशाने भरलेली? तिघं एका सुरात म्हणाले, "पेंढ्यानं." यात काही विचारायचं असतं असंच त्यांना वाटलं नाही. भरायची कुणी? मी पुढे विचारलं, "गाडी तीच, पेंढा तोच, पण काकाने भरली तर अरुंद होणार आणि आत्याने भरली तर रुंद. मग माप कुणाचं धरायचं?"

आत्या एकदम मांडीवर थाप मारून म्हणाली, "अरे, तळ्याकडच्या वाटेला झालेलं तेच करा की!"

मग हळूहळू तिघांनाही आठवलं. त्यांच्या लहानपणी गावात असाच एक वाद झाला होता आणि जुन्या माणसांनी तो गावच्या रीतीने सोडवला होता. रीत अशी: ज्याला वाट पाहिजे त्याने गाडी भरायची, हवी तेवढी रुंद. आणि ज्याच्या जमिनीतून वाट जाणार त्याने ती गाडी हाकायची, हवी तशी. खळ्यापासून जागेपर्यंत. वाटेत जो भारा पडला तो गेला. पोचल्यावर गाडीवर जेवढं उरलं तेवढी वाट.

मी दोनदा ऐकून घेतलं. इतकी साधी आणि इतकी चलाख गोष्ट मला भूगोलाच्या एकाही पेपरात भेटली नव्हती. हावरटासारखी भरली तर आपल्याच हाताने सांडणार, आणि हाकणाऱ्याने मुद्दाम आदळली तरी नीट बांधलेली टिकणार. मी तिथल्या तिथे म्हटलं, "हेच करू. मी टेप घेऊन उभी राहते. जे येईल ते नकाशात लिहीन, आणि मग कुणी काही बोलायचं नाही."

"लिहिणार ना मीटरात?" बाबांनी विचारलं.

"मीटरातच लिहिणार."

"मग कुणी काय बोलणार? कळलं तर बोलतील," काका म्हणाला.

आता अडचण एकच होती. बैलगाडीच नव्हती. आमच्या गावात टेम्पो आहेत, ट्रेलर येतात, डंपर येतात. बैलगाडी शेवटची कधी बघितली हे आठवायला बाबांना आभाळाकडे बघावं लागलं. शेवटी मला मोबाइलवर जी सापडली होती तीच आम्ही बोलावली: वरातीला भाड्याने जाणारी.

रविवारी सकाळी ती आली तेव्हा सगळी आळी बघायला बाहेर आली. चारी बाजूंनी सोनेरी झालर, प्लास्टिकच्या फुलांच्या माळा, मागे लाल रंगात 'शुभविवाह', आणि बैलांच्या शिंगांना चांदीचा रंग. गाडीवाला तरुण होता, डोळ्यांवर गॉगल.

"नवरदेव कोण?" त्याने विचारलं.

"पेंढा," आत्या म्हणाली.

गाडीवाल्याने गॉगल वर केला. सगळं समजावून सांगितल्यावर त्याने एकच अट घातली. "झालर काढू नका, ताई. परवा काल्हेरात वरात हाय."

मग आत्याने साडी खोचली आणि गाडीवर चढली. गुडघ्यांना पट्टे बांधलेली ती बाई एकदा वर गेल्यावर खाली यायलाच तयार नव्हती. बाबांच्या शेतातला भात झोडून झालेला होता, पेंढा खळ्यावर रचलेला होता. बाबा खालून भारे द्यायचे, ती वर लावायची. भाऱ्याची बुडं बाहेर, शेंडे आत. एक थर आडवा, दुसरा तिरका, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडासा बाहेर. काका लांब उभा राहून बघत होता.

"अगं, मुंबईला न्यायचा हाय का?"

"तुला काय करायचं? तू हाक."

"झालर गेली हो आत," गाडीवाला कळवळून म्हणाला.

"राहू दे. झाकलेली झालर काळी पडत न्हाय," आत्या वरून म्हणाली. तिने शेवटी दोर टाकला, दोन्ही बाजूंनी ओढून घेतला, आणि भाऱ्याच्या डोक्यावर मांडी घालून बसली. "चल!"

वाट दोघांच्या जागेतून, पण अडलेला काका, म्हणून कासरा त्यानेच हातात घेतला. माझी खात्री होती की तो गाडी पळवणार. त्याच्या मनातही तेच होतं, हे त्याने नंतर सांगितलं. खळ्यापासून आत्याच्या जागेपर्यंत वाटेत एक फुटका बांध आहे. तिथे गाडी धाडकन घातली की निम्मा पेंढा खाली, असा त्याचा सरळ बेत. त्याने बैलांच्या पाठीवर थाप मारली, "हैक!" म्हणून ओरडला.

बैल हलले नाहीत.

पुन्हा थाप, पुन्हा हैक. बैलांनी माना वळवून त्याच्याकडे बघितलं आणि परत पुढे केल्या.

"असे न्हाय चालत ते," गाडीवाला म्हणाला. "त्यांना बँडची सवय हाय. गाणं लावा."

आमच्यातल्या कुणाकडे बँड नव्हता. मी माझ्या मोबाइलवर वरातीचं एक गाणं मोठ्याने लावलं आणि बैलांच्या पुढे धरलं. दोन्ही बैलांनी एकदम पाय उचलला. आणि काय चाल होती ती! चार पावलं टाकायची, थांबायचं, मान डोलवायची, पुढच्या लोकांना नाचायला वेळ द्यायचा, मग पुन्हा चार पावलं. काका घाम पुसत ओरडत होता, "अरे चला ना लवकर!" आणि बैल त्याला नवरदेवाचा मामा समजून दुर्लक्ष करत होते. आत्या वर बसून हसत होती. आळीतल्या बायका मागून चालत होत्या. एकीने तर हौसेने तांदूळही टाकले.

मी पुढे उलटी चालत होते, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात टेप. एवढं शिकून मी बैलांच्या पुढे गाणं धरून चाललेय, हे मनात आलं आणि मला फार हसू आलं. तरी सांगते, नकाशातल्या कुठल्याच रेषेसाठी मी इतकी मन लावून चालले नव्हते.

फुटका बांध आला. काकाने बैल नेमके त्याच्या सर्वांत फुटक्या जागेकडे वळवले. एक चाक खाली उतरलं, गाडी कलली, पण वरातीच्या चालीने इतकी सावकाश की पेंढा फक्त सळसळला. आत्याने दुसरीकडे वजन टाकलं. चाक वर चढायला लागलं. आता निघालीच म्हणायची.

आणि माझा फोन वाजला. सरांचा. रविवार असून.

गाणं बंद पडलं. बैल जागच्या जागी खिळले. एक चाक बांधावर, एक खाली. त्या धक्क्याने काकाच्या बाजूचा सगळा भार पुढे सरकला, दोर करकरला आणि वरचे भारे झुकायला लागले. मी फोन कापायचा तर गडबडीत तो घेतला. कानात सर विचारत होते, "अगं, त्या बिघेवाल्यांचं झालं का?"

पेंढा पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. काकाने फक्त उभं राहायचं होतं. हात बांधून उभा राहिला असता तर वाट तिथेच फूटभर अरुंद झाली असती, आणि तीसुद्धा रीतसर. आत्याच्या हातचा टेम्पो गेला असता, मशीन गेलं असतं.

काकाने कासरा टाकला आणि धावला. सरळ भाऱ्याखाली शिरला, पाठ लावली, पाय रोवले आणि ओरडायला लागला, "दोर ओढ गं! दोर ओढ! दादा, मागून धर! बघत काय ऱ्हायलाय!"

आत्या वरून वाकून म्हणाली, "अरे, सोड की! पडला तर तुझाच फायदा हाय!"

"फायदा गेला खड्ड्यात!" काका खालून, पेंढ्यात तोंड असल्यासारखा बोलला. "भरली गाडी अशी वाटेत सांडतात का? आपलं नाव हाय का न्हाय?"

आत्याचं हसू थांबलं. तिने दोर दोन्ही हातांनी खेचला, बाबांनी मागून खांदा दिला, मी फोनमध्ये "सर, नंतर" म्हणून परत गाणं लावलं. बैलांनी मान डोलवली. चाक वर आलं. आणि तिथून आत्याच्या जागेपर्यंत काका गाडीच्या बाजूने, पाठ पेंढ्याला लावून, खेकड्यासारखा तिरका चालत गेला. एक भारा पडला नाही. एक काडीसुद्धा पडली असेल तर ती काकाच्या शर्टात.

गाडी जागेवर पोचली. मग बाबांनी विचारलं, कारण असले प्रश्न बाबांनाच पडतात, "आधार दिलेला भारा मापात धरतात का?"

"जमिनीच्या मालकानंच दिला ना आधार?" आत्या म्हणाली. "मग काय हरकत?"

सगळे काकाकडे बघायला लागले. तो दोन्ही हातांनी मान आणि पाठ खाजवत होता. सदऱ्याच्या बाहीतून पेंढा निघत होता. "घ्या गं माप लवकर," तो मला म्हणाला. "खाजवून जीव गेला."

दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या टोकाखाली खुंट ठोकले. मी टेप लावला. आठ फूट दोन इंच. काकाच्या सहापेक्षा कितीतरी जास्त, बाबांच्या आठपेक्षा जरासं जास्त. मी मनातल्या मनात साखळी धरली: साखळीचे चार आणे म्हणजे सव्वाआठ फूट. आपली वाट चार आण्यांना एक बोट कमी. मीटरात अडीचला एक सेंटिमीटर कमी. मी हे मोठ्याने म्हटलं तर बाबा खूश झाले. "म्हणजे सगळ्या मापांत बसतं की जवळपास."

"पण सरळ न्हाय ते," काका म्हणाला. चाकाच्या चाकोरीपासून मोजलं तर खरोखरच त्याच्या बाजूला बाबांच्या बाजूपेक्षा चार बोटं जास्त जात होती. आत्या डावखुरी, तिचा डावा थर नेहमी बाहेर येतो. "माझ्याकडून जास्त घेतलंय."

"तूच धरून आणलंस ना ते?" आत्या म्हणाली. "मी तर सोड म्हणत होते."

काकाने चुन्याची फक्की मागितली आणि खुंटांमधून रेघ स्वतः मारली. अगदी सरळ मारली. मी मागून बघत होते.

मी तो नकाशा काढला तेव्हा वाटेवर रुंदी लिहिली, मीटरात, दोन दशांशांपर्यंत. आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: पेंढ्याने भरलेल्या बैलगाडीच्या रुंदीइतकी वाट. सर चष्मा पुसून म्हणाले, "हे कशाला?" मी म्हटलं, "सर, कुणाचे हात ते लिहायला नको का?" त्यांनी भिंतीवरच्या साखळीकडे बघितलं आणि ते खोडलं नाही. फक्त म्हणाले, "गिऱ्हाइकांच्या नकाशात असलं काही घालू नकोस."

भिंत झाली. काकाने तिला गोडाऊनवाल्याच्या पसंतीचा निळा रंग दिला. त्यानंतर बाबांनीही आपल्या बाजूला भिंत घातली, काकाच्या एवढीच उंच, कारण भावापेक्षा बुटकी भिंत त्यांना चालली नसती. मधे आठ फूट दोन इंच वाट, आणि मागे आत्याचं पत्र्याचं नवं घर.

थंडी सरता सरता डंकीचं मशीन आलं. आम्ही छोटा टेम्पो येईल म्हणून बसलो होतो. मशीनवाल्याने पाठवला मोठा, दोन्हीकडे हत्तीच्या कानाएवढे आरसे असलेला. ड्रायव्हर वाटेच्या तोंडाशी येऊन थांबला, खाली उतरला, दोन्ही भिंती बघितल्या आणि म्हणाला, "नहीं जाएगा. मशीन यहीं उतार दूँ?"

आत्या दारात उभी होती. हातात कुंकवाची वाटी, नारळ, आणि पहिला घाणा घालायला घरच्याच मिरच्या. तिला न ओरडता उभी राहिलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

मी टेप आणायला वळले, तोवर काका गोडाऊनच्या फाटकातून बाहेर आला. "नहीं कैसे जाएगा?" तो म्हणाला. "इससे चौड़ा घास गया है इधर से. मैं खुद लेके गया हूँ. आने दो!"

तो टेम्पोच्या पुढे उलटा चालायला लागला, दोन्ही हात वर करून. "आने दो, आने दो... थोड़ा काट... सीधा... आने दो." ड्रायव्हर स्टिअरिंगवर छाती टेकवून, एक डोळा एका आरशावर, दुसरा दुसऱ्यावर. टेम्पो बोटाबोटाने आत सरकत होता. अर्ध्या वाटेत, निळ्या भिंतीशी आल्यावर ड्रायव्हर पुन्हा थांबला. आरसा आणि भिंत यांच्यात काही दिसेना.

काका पुढे झाला. त्याची मूठ म्हणजे सोललेला नारळ. ती त्याने आरसा आणि आपली भिंत यांच्या मधे घातली. जरा दाबून घालावी लागली, पण बसली. तशीच आत ठेवून तो मागे वळून ओरडला, "ताई! एक मूठ जागा हाय!"

आत्याचा आवाज परत आला. नारपोलीचा, दोन लूमच्या वरचा.

"कुणाची मूठ?"

काकाने मूठ बाहेर ओढली. बोटांच्या सांध्यांना भिंतीचा निळा रंग लागला होता. त्याने ती पाठीमागे नेली आणि दुसऱ्या हाताने ड्रायव्हरला खूण केली.

"आने दो!"